फडफडीत सुरमई, बादलीतले बांगडे: एका रविवारचं प्रकरण

पुण्यातल्या एका केटरिंग कॉलेजात मी अन्नसुरक्षा शिकवते. हे प्रकरण माझ्या मैत्रिणीच्या घरचं आहे आणि तिच्या परवानगीने लिहितेय. नाती तशीच ठेवलीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत. या गोष्टीत मीही आहे, आणि माझी बाजू फारशी चमकदार नाही. वर्गात सांगते तेव्हा मुलं नेमकी तिथेच हसतात.

पार्श्वभूमी

घर कर्वेनगरचं, सीकेपी. म्हणजे मासळीबद्दल मत नाही असा माणूस त्या घरात नाही. मैत्रिणीचा धाकटा मुलगा चार वर्षं ओसाकाला नोकरीला होता, तो जानेवारीत सुटीवर आला. तिथे त्याला साशिमीची, म्हणजे कच्च्या माशाच्या पातळ फाकांची, चटक लागली. आल्यापासून पुण्याच्या हॉटेलांतल्या साशिमीला नावं ठेवत होता: थंडगार आहे, पाणचट आहे, जाड कापलंय. मैत्रिणीचा भाऊ, म्हणजे मामा, बासष्टचे. पानशेतला, उजनीला गळ टाकून बसणं हा त्यांचा तीस वर्षांचा छंद. दोघांचं जमलं आणि शनिवारी दोघं गाडी घेऊन हर्णैला गेले. रविवारी पहाटे एका ओळखीच्या तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या कोळ्याच्या, होडीतून समुद्रात.

नऊ बांगडे मिळाले, साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान. पावणेदहाला सव्वातीन किलोची एक सुरमई लागली. ती वर येताना मामा अक्षरशः नाचले म्हणे. धाकट्याने खिशातून सोया सॉसची बाटली काढली, एका बांगड्याची साल ओढली आणि चार फाका कापल्या. तीन त्याने खाल्ल्या, एक मामांनी. तांडेलाला विचारलं तर तो म्हणाला, "कच्चा कशाला खाता? घरी चूल नाय का?"

सुरमई थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवली. बर्फ खाली, मासा वर, वरून काही नाही. तांडेल म्हणत होता पोट काढून टाका, पण मामांना घरी अख्ख्या माशाबरोबर फोटो हवा होता. पेटीत जागा उरली नाही म्हणून आठ बांगडे समुद्राच्या पाण्याच्या बादलीत राहिले, वर ओलं गोणपाट. दीड वाजता मंडळी मुक्कामी आली तेव्हाही ते तिथेच होते. हर्णैला जानेवारीतही दुपारचं ऊन तिशीच्या घरात असतं.

अडचण

दीडला कुटुंबाच्या ग्रुपवर सुरमईचा फोटो आला. खाली ओळ: "आज रात्री साडेआठ, साशिमी पार्टी, सगळ्यांनी यायचं." सगळे म्हणजे बारा माणसं. त्यात पाचवा महिना चालू असलेली मोठी सून आणि एक्याऐंशी वर्षांचे, मधुमेह असलेले आजोबा.

पावणेदोनला मैत्रिणीचा फोन. "अगं, हा सगळ्यांना कच्चा मासा खायला घालणार म्हणतोय. चालेल ना? ताजा आहे, सकाळीच पकडलाय. कल्ले बघ, कसले लालभडक आहेत."

कल्ले खरंच लालभडक होते. डोळे फुगीर, अंग चकचकीत. घाऊक बाजारात गणेश पेठेत असा मासा दिसला तर मी पण दोन मिनिटं थांबेन. पण या खुणा मासा कधी मेला ते सांगतात. पोटात काय आहे ते त्यांच्यावरून कळत नाही. ताजा आणि सुरक्षित हे दोन शब्द आपण एका दमात बोलतो, कारण आपल्याकडे मासा शिजतोच. शिजवणाऱ्या घरात ताजेपणा हा चवीचा प्रश्न असतो. कच्चा खायचा म्हटलं की तीन वेगळे प्रश्न उभे राहतात, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

पहिला, अळ्या. समुद्रातल्या माशांत अनिसाकिस नावाच्या गोलकृमीच्या अळ्या असू शकतात, आपल्या किनाऱ्यावरच्या माशांतही त्या सापडल्याच्या नोंदी आहेत. मासा जिवंत असताना त्या बहुतेक आतड्याभोवती असतात. मासा मेल्यावर काही मांसात सरकतात, म्हणूनच तांडेल पोट काढा म्हणत होता. माणसाच्या जठराच्या अस्तरात त्या घुसल्या की काही तासांत पोटात असह्य कळा येतात. मग दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढावी लागते.

दुसरा, जिवाणू. उबदार किनारी पाण्यात व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस राहतो. तो पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५० मध्ये, आणि गंमत म्हणजे धाकट्याच्याच ओसाकात. शिरासू म्हणजे सार्डिनची बारीक पिल्लं खाऊन २७२ माणसं आजारी पडली, २० दगावली.

तिसरा, हिस्टामिन. बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मेलेला मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते विषासारखं बाधतं. हा तिसरा प्रश्न फोनवर मी अर्ध्या वाक्यात उरकला. त्यावर पुढे येतेच.

मी चार गोष्टी विचारल्या. कधी पकडला, बर्फात कधी गेला, पोट काढलं का, खाणार कोण. मैत्रिणीने मुलाला फोन लावून उत्तरं आणली. सुरमई पंधरा मिनिटांत बर्फावर, पण एकाच बाजूने. पोट शाबूत. बांगडे बादलीत. खाणार सगळे.

पर्याय

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं: "मावशी, जपानमध्ये पकडतात आणि खातात." मी त्याला विचारलं, तू ओसाकात मासा कुठे घ्यायचास? घराजवळच्या सुपरमार्केटात. पाकिटावर काय लिहिलेलं असायचं? जरा थांबून तो म्हणाला, साशिमीसाठी. आणि शेजारच्या पाकिटावर? शिजवण्यासाठी. मासा तोच, कधीकधी त्याच दिवशीचा. कुठला कच्चा खायचा हा निर्णय चार वर्षं त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी घेत होतं, त्याने फक्त लेबल वाचलं. होडीत तो पहिल्यांदा स्वतः लेबल लावत होता. तेवढं करूनही अलीकडच्या वर्षांत जपानमध्ये अन्नविषबाधेच्या नोंदलेल्या घटनांत अनिसाकिसचा नंबर अगदी वरचा असतो. आणि बांगड्याच्या जातकुळीतला त्यांचा साबा हा मासा त्यात नेहमीचा संशयित.

पकडला की लगेच खाणं सर्वांत चविष्ट, हेही तिथले जाणते मानत नाहीत. मेल्यावर काही तासांत मासा ताठरतो, तेव्हा फाका चिवट लागतात. ऊर्जेसाठी साठवलेलं एटीपी हळूहळू मोडून इनोसिनेट तयार होतं. उमामी या मांसल चवीमागचा हाच पदार्थ १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशात शोधला. म्हणून चांगला मासा मेंदूत टोचून, रक्त काढून, बर्फात ठेवतात आणि काही मासे दोन-दोन दिवस मुरवतात. थोडक्यात, तिथली साशिमी ताजेपणावर जेवढी उभी आहे तेवढीच थंडाव्यावर आणि हाताच्या कसबावर.

दुसरा पर्याय मामांचा. गाडीच्या स्पीकरवरून आवाज आला, "अहो बाई, लिंबू पिळलं की शिजतंच की. आगळ घालू हवं तर." पेरूतल्या सेविचेत हेच होतं: आंबटाने मांस पांढरं पडतं, घट्ट होतं, शिजल्यासारखं दिसतं. पण अळीला लिंबाचं काही वाटत नाही. जठरातल्या आम्लात टिकणाऱ्या प्राण्याला लिंबू म्हणजे काय! व्हिनेगरात मुरवलेल्या साबातून जपानमध्ये माणसं आजारी पडतात, ती याचमुळे.

तिसरा पर्याय वरून भाजून आतून कच्चा ठेवायचा. अळी मांसाच्या आत असली तर वरच्या भाजण्याचा उपयोग नाही, मध्यभागी ६० अंश सेल्सिअस एक मिनिट तरी लागतात.

चौथा, गोठवणं. अळ्यांसाठी हा खरा उपाय. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाचा, दंडक उणे २० अंशांवर ७ दिवस, युरोपचा उणे २० वर २४ तास. हे माशाच्या गाभ्यातलं तापमान, डब्यावर लिहिलेलं नाही. मैत्रिणीच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मी नंतर थर्मामीटर ठेवून पाहिला. दार बंद असताना उणे १७, मटार काढायला दोनदा उघडल्यावर उणे १३. त्यामुळे "फ्रीझरमध्ये टाकू आणि रात्री काढू" हा उपाय दोन्ही टोकांनी लंगडा. शिवाय गोठवल्याने जिवाणू खात्रीने मरत नाहीत आणि हिस्टामिन जसंच्या तसं राहतं.

इथे मैत्रिणीने हळूच विचारलं, "तुमच्या कॉलेजात मोठा डीप फ्रीझर आहे ना?" आहे, उणे २५चा. नाही म्हणायला मला दोन सेकंद लागली, खोटं कशाला बोलू. पण जिथे बिलाशिवाय काही ठेवायचं नाही हे मी मुलांना शिकवते, तिथे मीच हर्णैची सुरमई ठेवली तर सोमवारी कुठल्या तोंडाने शिकवू?

पाचवा पर्याय सगळ्यांत कंटाळवाणा: आज सगळं शिजवायचं, आणि कच्चं खायची हौस वेगळ्या माशावर भागवायची.

मामांनी मध्येच पानशेतच्या कटल्याबद्दल विचारलं, तो तर गोड्या पाण्यातला, स्वच्छ. इथे मी ठाम होते. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचाच नाही. थायलंडच्या ईशान्येला असे मासे खाणाऱ्या गावांत यकृतातल्या चपट्या कृमींमुळे पित्तनलिकेचे कर्करोग होतात. हे इतकं पक्कं आहे की त्या कृमीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये पहिल्या गटातलं कर्करोगकारक ठरवलं. नदी निर्मळ दिसते म्हणून अळी नसते असं नाही.

काय केलं

दोनच्या सुमारास ठरलं. सुरमई आज शिजेल, तुकड्या तळून आणि डोक्याचं कालवण. निघायच्या आधी तिचं पोट आणि कल्ले काढायचे, मासा स्वच्छ पिशवीत गुंडाळायचा आणि खाली-वर दोन्हीकडे बर्फाचा चुरा भरायचा. बर्फ माशाच्या वजनाइतका तरी हवा. पिशवी यासाठी की बंदरावरचा बर्फ बहुतेक मासळी टिकवायचा असतो, खायचा नसतो. महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळा करायचा आदेश २०१८ मध्ये निघाला तो यामुळेच. पेटीतल्या बर्फाच्या पाण्यात पोहत आलेला मासा कच्चा खायचा, म्हणजे ते पाणीही प्यायल्यासारखंच.

बांगड्यांबद्दल मी म्हणाले, "ते टाका." बस, एवढंच. आणि लगेच सुनेच्या ताटाकडे वळले.

ही माझी चूक. ती तेव्हा चूक वाटली नाही, कारण माझ्या डोक्यात प्रश्न कच्च्या माशाचा होता आणि बांगडे कच्चे खायचा बेत तर रद्द झाला होता.

मंडळी माणगाव, ताम्हिणी करत सव्वाआठला कर्वेनगरला पोचली. तांदळाचं पीठ आणि रवा लावून तुकड्या तळल्या. मी पण गेले होते. धाकटा थोडा खट्टू होता, पण कालवणाला दुसऱ्यांदा हात लावणाऱ्यांत तो पहिला. सुरमईतही हिस्टामिन होऊ शकतं, हे मला माहीत होतं. ती पंधरा मिनिटांत बर्फावर गेली होती, वास स्वच्छ होता, म्हणून ती सुरक्षित बाजूला धरली. नुसत्या वासावर मी ते ठरवलं नसतं. वास न येता हिस्टामिन भरपूर असू शकतं.

साडेनऊला मी निघाले.

निष्पत्ती

टाका म्हटलेले बांगडे मामांनी टाकले नव्हते. नंतर बहिणीला म्हणाले, "स्वतः पकडलेला बांगडा टाकायचा? माझा हात धजला नाही." ते गाडीच्या डिकीत, अर्ध्या वितळलेल्या बर्फात आले होते. दहा वाजता पाहुणे पांगल्यावर मामांनी स्वतः तीन बांगडे साफ केले, मसाला लावला आणि तव्यावर चांगले कुरकुरीत तळले. म्हणजे पूर्ण शिजवून. आपण बाईंचं ऐकलंय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पहिल्या घासाला ते म्हणाले, "मसाला जरा तिखट झालाय." जिभेला मिरी चुरचुरावी तसं लागत होतं. भाच्याने एक घास खाल्ला, त्याला काही वाटलं नाही. पावणेअकराला मामांचा चेहरा, मान आणि कान लाल झाले, उन्हात करपल्यासारखे. डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली, अंगाला खाज. घाबरून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे अँटीहिस्टामिनचं इंजेक्शन दिलं, नाडी आणि रक्तदाब पाहत ठेवलं. दोन वाजता सगळं ओसरलं आणि घरी सोडलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न माशाच्या ॲलर्जीचा होता, आणि तो योग्यच होता. मामा साठ वर्षं मासे खातायत, कधी काही झालं नाही. मी सकाळी मैत्रिणीकडून सगळा घटनाक्रम तारखेवारीसारखा लिहून घेतला आणि तो कागद मामांना पुढच्या तपासणीला न्यायला लावला. बांगडे किती वाजता मेले, किती वेळ बादलीत होते, जिभेला काय लागलं, किती मिनिटांत लाली आली. त्यावरून डॉक्टरांनी हिस्टामिनचीच विषबाधा असावी असं म्हटलं. उरलेले बांगडे रात्रीच कचऱ्यात गेले होते, त्यामुळे तपासणी झाली नाही आणि निदान लक्षणांवरच राहिलं. पण फरक मोठा आहे. ॲलर्जी म्हणून शिक्का बसला असता तर मामांना आयुष्यभर मासा बंद झाला असता, आणि तोही विनाकारण.

एक घास खाऊन भाचा ठणठणीत का? हिस्टामिन सगळ्या माशांत सारखं होत नाही. एकाच बादलीतल्या दोन बांगड्यांत, एकाच बांगड्याच्या दोन टोकांत फरक असू शकतो. होडीत कच्च्या फाका खाल्लेल्या दोघांनाही त्यापायी काही झालं नाही. त्यावरून मी काहीही सिद्ध करत नाही. एका माशात अळी नव्हती, एवढंच.

साशिमीची हौस तीन आठवड्यांनी भागली, धाकटा परत जायच्या आदल्या रविवारी. कोरेगाव पार्काच्या बाजूच्या एका दुकानातून कच्चा खाण्यासाठी म्हणून गोठवून आलेला नॉर्वेचा पाळीव रावस मिळाला. लोक त्याला रावस म्हणतात, आहे तो सामन. आपल्या रावसाशी त्याचं नातं नाही. पिंजऱ्यात कोरड्या खाद्यावर वाढलेल्या सामनात अनिसाकिसचा धोका नगण्य असतो. जपानी लोकांनी तो कच्चा खावा म्हणून नॉर्वेने १९८०च्या दशकात मुद्दाम मोहीम काढली होती. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात डब्यात ठेवून वितळवला, वेगळी सुरी, वेगळा पाट, कापून वीस मिनिटांत ताटात. सूनबाई आणि आजोबांना शिजवलेलंच, कारण गरोदरपणात आणि त्या वयात लिस्टेरिया या जिवाणूचा धोका गोठवूनही जात नाही. आजोबांनी एक फाक मागितली. दिली नाही. रुसले.

धाकटा म्हणाला, छान आहे, पण होडीतल्या बांगड्याची सर नाही. मी वाद घातला नाही. चवीबद्दल तो खरं बोलत असणार.

पुन्हा वेळ आली तर

फोन आला तेव्हा मी थेट मामांशी बोलायला हवं होतं. मासा त्यांच्या हातात होता आणि मी निरोप तिसऱ्या माणसाकरवी देत होते. वयाने मोठ्या, हौशीने मासा पकडलेल्या माणसाला "टाका" एवढा एकच शब्द पुरत नाही. "मामा, हे तळून जाणार नाही, हे विष उकळीलाही मरत नाही" हे एक वाक्य त्यांना ऐकवलं असतं तर बांगडे हर्णैलाच राहिले असते. पावणेदोनपासून मी कच्चं की शिजवलेलं याच काट्यावर सगळं तोलत होते. बांगड्यांचा काटा वेगळा होता: थंड की उबदार. एफडीएच्या मार्गदर्शनात अशा माशांसाठी, हवा किंवा पाणी २८.३ अंशांच्या वर असेल तर मेल्यापासून ६ तासांच्या आत बर्फ, अशी मुदत आहे. मामांचे बांगडे दीड वाजता त्या मुदतीच्या काठावर होते. पुढे अर्ध्या वितळलेल्या बर्फात सहा तास डिकीत राहिल्यावर काठ कुठला उरतोय?

हर्णैला निघायच्या आधी ठरवायच्या गोष्टी तर सोप्या होत्या. पेटी दोन हव्या होत्या. होडीत चढतानाच एकीत बर्फ आणि समुद्राचं पाणी यांचा काला करून ठेवायचा. नुसत्या बर्फापेक्षा तो माशाला चहूबाजूंनी धरतो, थंडावा लवकर आत जातो. मासा मारून रक्त काढायचं, पोट लगेच. अख्ख्या माशाचा फोटो होडीतही निघाला असता.

आणि आमंत्रण. बारा जणांना साशिमी पार्टी जाहीर झाली, तेव्हा मासा कच्चा खाण्याजोगा आहे का हे कुणालाच माहीत नव्हतं. आमंत्रण गेलं की माघार घेणं लाजेचं होतं, मग माणसं लिंबू शोधतात.

मामांनी या सगळ्यातून एक वेगळाच निष्कर्ष काढलाय. तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात: "कच्चा खाल्ला तेव्हा काही झालं नाही, तळून खाल्ला तर दवाखाना! म्हणजे कच्चाच खायला हवा होता." दोनदा समजावलं, वेळेचा कागद समोर ठेवून. ऐकून घेतात, मान डोलावतात. पुढच्या महिन्यात पुन्हा हर्णैला जाणार आहेत. पेट्या मात्र दोन घेतल्यात.